साथीच्या काळात शाळेची सहल : पांडवलेणी, अंजनेरी, सिन्नरच्या संग्रहालयांना सुरक्षित भेट कशी द्यावी?

अंबड (नाशिक) : सहलीची सूचना वर्गात वाचून दाखवली की त्या दिवसापासून पोरांच्या तोंडी दुसरा विषय नसतो. डब्यात काय न्यायचं, खिडकीजवळ कोण बसणार, यावर रोज चर्चा. खेड्यापाड्यातल्या बऱ्याच मुलांना संग्रहालय किंवा लेणी पाहायला मिळतात ती शाळेच्या सहलीतच. आई-वडील शेतात, मजुरीला किंवा अंबडच्या कंपन्यांत पाळीवर. रविवारी मुलांना घेऊन संग्रहालय पाहायला जाणं सगळ्यांना जमत नाही. त्यामुळे सहल हुकली, की ते पाहणंही बहुतेक वेळा कायमचं हुकतं.

कोरोनाच्या साथीत हेच झालं. मार्च २०२० नंतर शाळा बंद, सहली बंद, लेण्यांना कुलूप. त्या वर्षी आठवी-नववीत असलेली अनेक मुलं शाळेची सहल न पाहताच दहावी होऊन बाहेर पडली. कोरोना ओसरला असला तरी फ्लू, गोवर, डोळ्यांची साथ अधूनमधून येतच असते. अशा वेळी सहल सरसकट रद्द न करता ती कशी नेता येईल, याची माहिती पालक, शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसाठी इथे एकत्र दिली आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- सर्वात जास्त धोका बंद खिडक्यांच्या गाडीत आणि एकत्र जेवणात असतो. उघड्या लेण्यात तो कमी असतो.
- आजारी मुलाला घरी ठेवलं तर सहलीचे पैसे परत मिळतील, हे आधीच जाहीर करावं. सुरक्षेचा सर्वात मोठा नियम हाच.
- गट लहान ठेवावेत. एका शिक्षकामागे १० मुलं पुरेत.
- संग्रहालयातल्या वस्तूंना हात लावू नये. सॅनिटायझर लावलेल्या हातांनी तर मुळीच नाही.
- ज्या घरात वृद्ध किंवा दीर्घ आजारी माणूस आहे, तिथल्या मुलाची काळजी सहलीनंतरही घ्यावी.

साथीत संग्रहालयं कशी बंद झाली, कशी उघडली

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही महासाथ असल्याचं जाहीर केलं. १७ मार्चला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने देशभरातली आपली स्मारकं आणि संग्रहालयं बंद केली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. नाशिक जिल्ह्यातला पहिला रुग्ण २९ मार्चला निफाड तालुक्यात सापडला. म्हणजे साथ इथे शहराच्या आधी गावात दिसली. एप्रिलमध्ये मालेगावात रुग्ण झपाट्याने वाढले.

६ जुलै २०२० पासून स्मारकं उघडायला केंद्राने परवानगी दिली. पण जिथे स्थानिक प्रशासनाचे निर्बंध होते तिथे कुलूप कायम राहिलं. संग्रहालयांसाठी केंद्रीय संस्कृती मंत्रालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये नियमावली काढली आणि १० नोव्हेंबरपासून टप्प्याटप्प्याने दारं उघडायला सुरुवात झाली. माणसांत ६ फूट अंतर, दारावर तापमान तपासणी, शक्यतो ऑनलाइन तिकीट, प्रतिबंधित क्षेत्रातली संग्रहालयं बंद, असे ते नियम होते.

दुसऱ्या लाटेत १६ एप्रिल २०२१ पासून पुरातत्त्व विभागाची स्मारकं पुन्हा बंद झाली, ती १६ जूनला उघडली. जानेवारी २०२२ मध्ये तिसरी लाट आल्यावर राज्य सरकारने संग्रहालयं आणि किल्ले आणखी एकदा बंद ठेवले. १ एप्रिल २०२२ पासून राज्यातले कोविड निर्बंध उठले.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. मे २०२० मध्ये युनेस्कोने दिलेल्या माहितीनुसार जगातली सुमारे ९० टक्के, म्हणजे ८५ हजारांहून जास्त संग्रहालयं त्या काळात बंद होती.

त्याच बंदच्या काळात नाशिककरांना एक चांगली बातमीही मिळाली. मे २०२१ मध्ये पावसाळ्यापूर्वीची साफसफाई चालू असताना त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे पांडवलेणीच्या डोंगरावर, आधी नोंद नसलेली आणखी लेणी उजेडात आली. या डोंगरावरच्या लेण्यांची नोंद कॅप्टन डेलामेन या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये केली होती. त्यानंतर जवळपास दोनशे वर्षं ही लेणी झाडोऱ्याआड आणि मातीआड राहिली.

अंबड परिसरातून कुठे जाता येतं?

एका दिवसात जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशी ही ठिकाणं. साथीच्या काळात लांबचा मुक्कामी प्रवास टाळून जवळचं एकच ठिकाण नीट पाहणं केव्हाही चांगलं.

१) पांडवलेणी (त्रिरश्मी लेणी). अंबड औद्योगिक वसाहतीपासून काही किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत. डोंगरात कोरलेली २४ लेणी नोंदलेली आहेत. इ.स.पू. पहिल्या शतकापासून पुढे काही शतकं इथे खोदकाम चाललं. वर जायला दोनशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. लेणी क्रमांक ३ मध्ये गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेचा शिलालेख आहे. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरात घराण्याचा पाडाव केला, असं त्यात कोरलेलं आहे. लेणी क्रमांक १० हे त्याच क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाच्या जावयाने, उषवदाताने दिलेलं. लेणी क्रमांक १८ म्हणजे चैत्यगृह.

२) अंजनेरीचं नाणे संग्रहालय. नाशिक-त्र्यंबकेश्वर रस्त्यावर, नाशिकहून सुमारे २० किलोमीटर. नाणेशास्त्राच्या अभ्यासासाठी १९८० मध्ये स्थापन झालेल्या संशोधन संस्थेचं हे संग्रहालय आहे. खरी नाणी, प्रतिकृती, छायाचित्रं आणि नाणी पाडायचे साचे इथे पाहायला मिळतात.

३) सिन्नरचं गारगोटी संग्रहालय. नाशिकहून साधारण ३० किलोमीटर. हे खासगी खनिज संग्रहालय आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचून आपला काळा कातळ तयार झाला. त्या कातळातल्या पोकळ्यांत पाणी झिरपून झिओलाइट गटातले स्फटिक तयार झाले. विहीर खणताना किंवा खाणीत सुरुंग उडवल्यावर निघणारे चमकते खडे अनेक शेतकऱ्यांनी पाहिलेले असतात. त्या खड्यांची नावं आणि गोष्ट इथे कळते.

४) दादासाहेब फाळके स्मारक. पांडवलेणीच्या पायथ्याशी, महापालिकेचं. फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. शेजारीच बुद्ध स्मारक आहे.

५) सरकारवाडा, नाशिक. सराफ बाजारातला पेशवेकालीन वाडा. राज्य पुरातत्त्व विभागाच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक.

दुरुस्ती, साप्ताहिक सुट्टी किंवा साथीचे निर्बंध यामुळे कुठलंही ठिकाण बंद असू शकतं. त्यामुळे आदल्या दिवशी फोन करून खात्री केल्याशिवाय गाडी काढू नये.

जाऊन मुलांनी पाहायचं काय?

"लेणी पाहिली, फोटो काढले, खाली आलो" एवढंच झालं तर एवढा खटाटोप कशाला, असं पालकांनी विचारलं तर ते बरोबरच आहे. मुलांना एखादं कोडं देऊन न्यावं. नाशिक जिल्ह्यात असं एक कोडं तयारच आहे.

लेणी क्रमांक १० मधल्या शिलालेखात उषवदाताने गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणीकडे २ हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवल्याचं सांगितलं आहे. व्याज महिन्याला शेकडा १. त्या व्याजातून या लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण कपड्यासाठी मिळावेत, अशी व्यवस्था. मुलांना फळ्यावर हिशेब करायला लावा : २ हजारांवर महिन्याला २०, वर्षाला २४०, भागिले २० भिक्षू, बरोबर १२. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा हिशेब पैशाला पैसा जुळतो. बचत गटात बसणाऱ्या आईला घरी येऊन हे सांगितलं तर तिलाही ते लगेच कळेल. गोवर्धन हे गाव आजही नाशिकजवळ गंगापूर रस्त्याला आहे.

कोड्याचा दुसरा भाग नाण्यांचा. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्याच जोगलटेंभी इथे नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उठवलेला आहे. हरलेल्या राजाच्या पैशावर जिंकलेल्या राजाचा शिक्का. लेणी क्रमांक ३ च्या भिंतीवर जे कोरलंय, त्याची साक्ष शेतातल्या मातीतून निघाली. लेणी पाहिलेली मुलं पुढच्या वेळी अंजनेरीला नाणी पाहायला गेली की दोन्ही गोष्टी आपोआप जुळतात.

धोका नेमका कुठे असतो?

श्वासावाटे पसरणारा आजार एकाकडून दुसऱ्याकडे जातो तो मुख्यतः हवेतून. जागा जितकी बंद, माणसं जितकी जवळ आणि वेळ जितका जास्त, तितका धोका मोठा. हा नियम सहलीला लावला की क्रम असा लागतो.

पहिला नंबर गाडीचा. लेण्यात मुलं एका जागी पंधरा-वीस मिनिटं असतात. गाडीत जाता-येता मिळून दोन-तीन तास. काचा बंद, आत ५० जण आणि गाण्याच्या भेंड्या. मोठ्याने गाताना, ओरडताना तोंडातून बारीक तुषार जास्त उडतात. वातानुकूलित ट्रॅव्हल्सपेक्षा खिडक्या उघडणारी साधी एसटी अशा वेळी चांगली. शालेय सहलींना एसटी भाड्यात ५० टक्के सवलत देते; त्याची चौकशी जवळच्या आगारात करावी. भेंड्या गाडीत नको, उतरल्यावर मोकळ्या मैदानात खुशाल खेळाव्यात.

दुसरा नंबर जेवणाचा. जेवताना मास्क काढावाच लागतो. त्यात आपल्याकडे डबा वाटून खाण्याची पद्धत. "एक घास घे ना माझ्यातला" हे प्रेमाचंच, पण साथ असेल तेवढे दिवस आपापला डबा, आपापली पाण्याची बाटली. पंगत समोरासमोर न मांडता एकाच दिशेला तोंड करून, झाडाखाली, अंतर ठेवून बसवावी.

तिसरा नंबर बंद दालनाचा. चित्रफीत दाखवायची खोली, काचेच्या कपाटांची अरुंद खोली, तिकीट खिडकीची रांग. इथे एका वेळी एकच गट, १५ ते २० मिनिटं, आणि मास्क नाका-तोंडावर.

चौथा नंबर लेण्यांचा. ओवऱ्या समोरून उघड्या असतात, वारा खेळता असतो. पण आतल्या खोल्या लहान आणि अंधाऱ्या आहेत. त्यांत ४० मुलं एकदम घुसली की तीही बंद खोलीच झाली.

आधी पैशाचा नियम ठरवा

सहलीच्या सकाळी शाळेच्या दारात हमखास दिसणारा प्रसंग. पोराचं अंग गरम आहे. आई म्हणते, "सर, ताप नाय, नुसतं उन्हाचं झालंय." पोरगं म्हणतं, "मी बरा आहे, बाई." दोघंही खोटं बोलायला आलेले नसतात. तीनशे-चारशे रुपये भरलेले असतात, ते गेले तर घरात चर्चा होते. पोरगं महिनाभर त्या दिवसाची वाट पाहत असतं. मग रात्रीच तापाची गोळी दिली जाते, सकाळी तापमान यंत्रावर आकडा साधारण दिसतो आणि मूल गाडीत चढतं.

हे दारावरच्या यंत्राने थांबत नाही. ते थांबतं सहलीच्या आधी घेतलेल्या दोन निर्णयांनी.

एक, आजारपणामुळे येऊ न शकलेल्या मुलाचे पैसे परत मिळतील, हे सूचनेतच लिहावं. गाडीचं भाडं ठरलेलं असतं, ते कमी होत नाही, ही शाळेची अडचण खरी आहे. त्यासाठी प्रत्येकाच्या वर्गणीत थोडी रक्कम राखीव म्हणून आधीच धरावी, किंवा शाळा व्यवस्थापन समितीने तेवढा भार उचलावा. थोड्या जादा वर्गणीत एक-दोन मुलांचे पैसे निघू शकतात.

दोन, राहिलेल्या मुलाला दुसरी संधी द्यावी. दुसऱ्या तुकडीच्या सहलीत त्याची जागा ठेवावी, किंवा जवळच्या ठिकाणी नंतर न्यावं. "तुझी सहल गेली नाही, पुढे ढकलली," हे ऐकल्यावर मूल तापाची गोष्ट लपवत नाही.

सहलीआधीची तयारी

- शिक्षण विभागाची परवानगी आणि पालकांचं लेखी संमतीपत्र घ्यावं. संमतीपत्रात मुलाला दमा, झटके, हृदयाचा त्रास किंवा ॲलर्जी आहे का, असा रकाना ठेवावा.
- गावात किंवा जायच्या ठिकाणी साथीचा जोर किती आहे, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावं. आशाताईंना गावातली खरी परिस्थिती सर्वात आधी माहीत असते.
- शनिवार-रविवार आणि सणाच्या सुट्ट्या टाळाव्यात. मंगळवार-बुधवारी सकाळी गर्दी कमी असते.
- संग्रहालयाला मुलांची संख्या आणि पोहोचायची वेळ आधी कळवावी. तिथून माहिती सांगणारा माणूस मिळेल का, तेही विचारावं.
- पुरातत्त्व विभागाच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत असतो. शाळेने मुलांची यादी आणि ओळखपत्रं जवळ ठेवावीत. मोठ्यांची तिकिटं मोबाईलवर आधीच काढली तर खिडकीवरची रांग वाचते.
- मुलांचे गट आधी पाडावेत. गाडीत, जेवणात आणि लेण्यात तोच गट एकत्र राहील. पुढे कोणी आजारी पडलं तर कोणाच्या संपर्कात कोण होतं, हे लगेच कळतं.

सहलीच्या दिवशी

निघण्याआधी शाळेच्या मैदानातच विचारपूस करावी : ताप, खोकला, घसादुखी, जुलाब, अंगावर पुरळ, डोळे लाल. घरात कोणी आजारी आहे का, हेही विचारावं. सगळ्यांसमोर मोठ्याने न विचारता बाजूला घेऊन विचारलं तर मूल खरं सांगतं.

मास्कबाबत कोरोनाकाळात केंद्राच्या आरोग्य विभागाने दिलेली सूचना अशी होती : ५ वर्षं आणि त्याखालच्या मुलांना मास्कची सक्ती नको; ६ ते ११ वर्षांच्या मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली, नीट वापरता येत असेल तर वापरावा; १२ वर्षांपुढे मोठ्यांसारखाच. पायऱ्या चढताना दम लागला तर बाजूला थांबून, अंतर ठेवून, मास्क खाली घेऊन श्वास घ्यावा. मास्क लावून पळत चढायची शर्यत लावू नये. प्रत्येकाकडे जादा मास्क आणि वापरलेला ठेवायला कागदी पिशवी असावी. लेण्यांच्या परिसरात वापरलेला मास्क टाकू नये.

हात साबणाने २० सेकंद धुणं हा सर्वात चांगला उपाय. पाणी नसेल तिथे सॅनिटायझर. सॅनिटायझर पेट घेतो. त्याची मोठी बाटली उन्हात तापलेल्या गाडीत किंवा स्वयंपाकाच्या शेगडीजवळ ठेवू नये.

४० मुलांचे ४ गट असतील तर पांडवलेणीवर फिरती ठेवता येते. एक गट लेणी क्रमांक ३ मध्ये, दुसरा १० मध्ये, तिसरा १८ मध्ये, चौथा बाहेर बसून वहीत चित्र काढतोय. २० मिनिटांनी शिट्टी झाली की जागा बदलायची. दीड तासात सगळ्यांचं सगळं पाहून होतं आणि रेटारेटी होत नाही.

डोंगरकड्याला आग्या मोहोळ असू शकतं. आरडाओरडा, दगड मारणं, धूर करणं कटाक्षाने टाळावं. पावसात पायऱ्या निसरड्या होतात, त्या दिवसात खाली न पळता हात धरून उतरावं.

वस्तूंचीही तब्येत असते

साथीच्या पहिल्या महिन्यांत दिसेल त्यावर औषध फवारायची लाटच आली होती. संग्रहालयात हे चालत नाही. ब्लिचिंग पावडरच्या पाण्यातलं क्लोरीन धातूला गंज चढवतं, रंग उडवतं, कापड आणि कागद कमकुवत करतं. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने वार्निश आणि रंगाचा थर विरघळतो. लेण्याच्या दगडावर फवारलेलं रसायन आत मुरतं आणि नंतर क्षार होऊन बाहेर येतं. त्याबरोबर कोरीव अक्षराचा कपराही निघतो.

त्यामुळे साधा नियम असा : दाराच्या कड्या, कठडे, खुर्च्या, तिकीट खिडकीचा ओटा पुसावा. जुन्या वस्तू, मूर्ती, शिलालेख, चित्रं यांना फडकंही लावू नये. त्यांच्यापासून माणसालाच लांब ठेवावं. शाळेने स्वतःची फवारणीची टाकी घेऊन जायचा उत्साह दाखवू नये.

हात न लावण्याचा नियम साथ नसतानाही पाळायचाच. रोज शेकडो बोटं फिरली की दगडातलं अक्षरसुद्धा झिजतं. अक्षर वाचायचं असेल तर टॉर्चचा उजेड बाजूने तिरपा पाडावा. सावलीमुळे अक्षर उठून दिसतं. खडूने अक्षर रंगवणं, कागद चिकटवून ठसा घेणं, नाव कोरणं हा गुन्हा आहे.

वाटेत कोणाला त्रास झाला तर

- मुलाला गाडीच्या पुढच्या किंवा मागच्या खिडकीजवळ, उघड्या हवेत बसवावं. एक शिक्षक मास्क लावून जवळ राहील.
- घरी लगेच फोन करावा. लपवू नये, घाबरवूही नये.
- श्वास लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल सुस्त पडलं असेल तर वाट न पाहता १०८ वर फोन करावा.
- "याच्यामुळे सहल बिघडली" असं कोणी बोलू नये. पुढच्या वेळी त्रास होणारं मूल मग गप्प बसतं.

घरी परतल्यावर

कपडे बदलून हात-पाय धुवावेत. घरात आजी-आजोबा, गरोदर बाई किंवा मधुमेह-दम्याचा रुग्ण असेल तर पाच-सात दिवस मुलाने त्यांच्या अगदी जवळ झोपणं, एकाच ताटात जेवणं टाळावं. गोष्टी सांगायला ओसरीवर, उंबऱ्यापाशी बसता येतं. कोरोनात सर्वात जास्त मृत्यू वयस्क आणि आधीच आजारी असलेल्यांचे झाले, हे गावाने पाहिलं आहे. त्या दिवसांत मुलाला ताप आला तर शाळेला कळवावं, म्हणजे त्याच्या गटातल्या बाकीच्या घरांना सावध करता येतं.

जाताच आलं नाही तर?

साथ जोरात असेल आणि जाणं शक्य नसेल, तर संग्रहालयाला शाळेत आणता येतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून 'म्युझियम ऑन व्हील्स' नावाचं फिरतं संग्रहालय सुरू केलं. बसमध्ये प्रदर्शन मांडून ती शाळा आणि गावांपर्यंत नेतात. मुख्याध्यापकांनी संग्रहालयाच्या शिक्षण विभागाकडे मागणी नोंदवून पाहावी.

दुसरा मार्ग गावातल्या गावात आहे. शाळेच्या एका खोलीत गावच्या जुन्या वस्तूंचा कोपरा करावा. जातं, पाटा-वरवंटा, पायली, अधोली, मापटं, मोटेचं नाडं, कणगी, जुना कंदील, पणजोबांच्या काळचे मोडीतले कागद. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी : नाव, कोणाच्या घरची, कशासाठी वापरत. वस्तूची माहिती सांगायला घरातल्या म्हाताऱ्या माणसाला फोनवरून बोलतं करावं आणि ते मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावं. कोरोनात अशी सांगणारी कितीतरी माणसं गेली, त्यांच्याबरोबर वस्तूंची नावंही गेली.

नांगरताना किंवा पाया खणताना जुन्या नाण्यांचा हंडा सापडला तर तो आपसात वाटून घेऊ नये, सराफाकडे नेऊ नये. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तलाठी किंवा तहसील कार्यालयात सांगितलं तरी सुरुवात होते. जोगलटेंभीची नाणी जाणकारांच्या हाती लागली म्हणून इतिहास कळला. ती वितळली असती तर काहीच उरलं नसतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लस घेतली असेल तर मास्क कशाला?
लस गंभीर आजारापासून वाचवते. पण लस घेतलेल्यालाही लागण होऊ शकते आणि त्याच्याकडून दुसऱ्याला. साथ असताना बंद जागेत मास्क ठेवावाच.

तापमान यंत्रावर आकडा बरोबर आला, म्हणजे मूल निरोगी का?
तसं सांगता येत नाही. गोळी घेतल्यावर ताप उतरलेला दिसतो. काहींना लागण होऊनही ताप येत नाही. विचारपूस जास्त कामाची.

फोटोसाठी दोन मिनिटं मास्क काढला तर चालेल?
लेण्याबाहेर, मोकळ्यावर, अंतर ठेवून काढायला हरकत नाही. ४० जणांना खांद्याला खांदा लावून आत उभं करू नये.

लहान वर्गांना न्यावं का?
साथ चालू असताना पहिली-दुसरीच्या मुलांना गावाबाहेर न नेलेलं बरं. त्यांच्यासाठी गावचं जुनं मंदिर, वाडा, बारव किंवा शाळेतला वस्तूंचा कोपरा पुरेसा आहे.

पालकांनी सोबत यावं का?
प्रत्येक गटासोबत एक पालक आल्यास शिक्षकांना मदत होते. मात्र गाडीतली गर्दी वाढेल इतके नकोत.

सहल जवळची असो, अर्ध्या दिवसाची असो, चालेल. आजारी मूल हसत घरी थांबलं आणि बाकीची मुलं १२ कार्षापणांचा हिशेब घरी सांगत आली, तर ती सहल चांगली झाली असं समजायला हरकत नाही.